खाली बसवलेली कडी

मंठा, १२ नोव्हेंबर २०२४

अहो,

वर पोस्टवर फोन लागत नाही, खाली उतरायला मार्च उजाडेल, तोवर पत्रंच, असं तुम्ही निघताना सांगितलंत तेव्हा मला हसू आलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण किराण्याच्या यादीपलीकडे तुम्हाला मी काही लिहिलेलं नाही. आज रेणूच्या वहीची मधली दोन पानं काढून बसले आहे. ती शेजारी बसून शुद्धलेखन तपासते आहे. तिसरीत गेल्यापासून ती माझी बाई झाली आहे.

काल नळाचा दिवस होता. आठ दिवसांचं पाणी भरून हात पुसते न पुसते तोच तुमच्या लेकानं ड्रममध्ये ताईची गणिताची वही, माझी एक चप्पल आणि अर्धा किलो शेंगदाणे सोडले. वही दोरीवर वाळत घातली आहे. दोन वर्षांच्या मल्हारला सध्या दोनच खेळ येतात, एक हा आणि दुसरा गॅसचा लायटर. लायटर हातात घेऊन ठक ठक करत अंगणभर फिरतो आणि कुणी विचारलं की म्हणतो, 'बाबाची बंदूक.' काढून घेतला तर घर डोक्यावर घेतो.

जाण्याआधी अंगणातल्या बाथरूमला तुम्ही बाहेरून कडी बसवलीत ती बेष्ट आहे. आता कुत्रं आत जाऊन झोपत नाही. रेणूचा हात पुरावा म्हणून मुद्दाम खाली बसवलीत, त्यामुळे ती न सांगता लावते आणि तिचं बघून मल्हारही खडखड करतो.

धावड्याहून तुमच्या आईंचा दर दोन दिवसांनी फोन असतो. 'एकटी बाई लेकरं घेऊन कशाला राह्यली तिथं, घराला कुलूप घाल अन इकडं ये,' हे ठरलेलं. मी रेणूच्या शाळेचं नाव पुढे करते. शेजारी अजीजुन्निसा खाला आहेतच. त्या दिवसातून एकदा भिंतीवरून हाक मारतात. आमची काळजी करू नका.

दैवशाला

बाबा, मी रेणू. आईनं 'शुद्धलेखन' चुकवलं होतं, मी बरोबर केलं.


२९ नोव्हेंबर २०२४

दैवशाला,

पत्र बारा दिवसांनी पोचलं. मेसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. चप्पल आणि शेंगदाण्यांवर सगळे हसले आणि मग जो तो आपापलं जुनं पत्र काढून बसला. इथे असंच होतं.

आता नीट ऐक. गॅसवर दूध ठेवून जागा सोडायची नाही. सिलिंडर बदलला की साबणाचं पाणी लावून बघायचं. ड्रमवर झाकण, झाकणावर वरवंटा. रात्री दोन्ही दारांना आतून कडी. लायटर उंच ठेवायचा, रडला तर रडू द्यायचा. रडून पोरगं आजारी पडत नाही. मल्हारला सांग, बाबा बर्फात आहे, बाबाच्या मिशा पांढऱ्या झाल्यात आणि बाबाला नाक पुसायला पण हातमोजा काढता येत नाही.

दुसरी गोष्ट. सप्टेंबरात माझी नोकरीची सतरा वर्षं भरतात. पेन्शन घेऊन घरी यायचं की आणखी दोन वर्षं राहायचं, ते फेब्रुवारीत लिहून द्यावं लागतं. सतरा झाली की यायचं, हे आपण प्लॉट घेतला तेव्हाच ठरवलंय म्हणा. तरीपण तुझ्या मनात काय आहे ते कळव. एकदा लिहून दिलं की बदलत नाही.

कल्याण


मंठा, १८ डिसेंबर २०२४

अहो,

पत्र मिळालं. इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं.

इकडे सगळं बरं आहे. थंडी पडली आहे. बाथरूमच्या झरोक्याची काच वाऱ्यानं फुटली, तिथे मी पुठ्ठा लावला आहे. विळीवर हात थोडा कापला म्हणून अक्षर वाकडं येतंय, बाकी काही नाही. लायटर आता कपाटावर असतो.

फॉर्मचं तुम्ही मला काय विचारता? ते तुमचं तुम्ही ठरवा. घराकडची काळजी मनात धरून काही लिहू नका. इथलं सगळं व्यवस्थित चाललंय.

दैवशाला

बाबा, आई म्हणाली बाथरूमचं काही लिहायचं नाही. म्हणून मी लिहीत नाही. खालांनी मल्हारला काळ्या दोऱ्यात ताईत बांधला. मला पण पाहिजे होता, पण त्या म्हणाल्या, 'तू तो खुद ताईत है बेटा.'


७ जानेवारी २०२५

दैवशाला,

थोड्या दिवसांसाठी एका कामानं खाली आलो आहे. पत्र इथेच मिळालं.

बाथरूमचं काय आहे? रेणू लिहीत नाही म्हणजे लिहिण्यासारखं काहीतरी आहे. काचेचं माप पाठव, सुट्टीत येईन तेव्हा बसवतो. मंठ्यात काच कापून देणारा बरोबर कापत नाही, मी उभं राहूनच कापून घेतो.

इथे वडीगोद्रीच्या काकासाहेबांचं पत्र आलं होतं. आमच्याच पलटणीचे, गेल्या साली पेन्शनवर गेले. पोराचं हायवेला दुकान आहे, तिथे दिवसभर स्टुलावर बसतात. लिहितात की घरात सगळ्यांची आपापली वेळ लागलेली आहे. कोण कधी जेवतं, कोण कुठं झोपतं, कशात यांना जागा नाही. सून ताटाजवळ पाण्याचा तांब्या पाहुण्याला ठेवावा तसा आणून ठेवते. त्यांची बायको पण विचारते, 'आज कुठं जाणार न्हाई का?' आम्ही ते पत्र वाचून खूप हसलो.

तुझं मात्र माझ्याशिवाय सगळं बराबर चालून राहिलं आहे. तसा मी पहिल्यापासून सुट्टीपुरताच आहे. मल्हार मला ओळखेल का, हे कधी कधी मनात येतं.

फॉर्मची तारीख दहा फेब्रुवारी आहे.

कल्याण


मंठा, २२ जानेवारी २०२५

अहो,

बाथरूमचं काही नाही हो. नळ गळत होता. रेणूला कशाचंही नवल वाटतं. मी स्वतः वायसर आणून बदलला, दुकानदार बघतच राहिला. सिलिंडर मीच बदलते, साबणाचं पाणी लावूनच. स्कूटीचं पंक्चर काढून आणलं, रेणूला ताप आला तेव्हा मल्हारला पाठीशी बांधून दवाखान्यात नेऊन आणलं. संक्रांतीला तुमच्या आई येऊन गेल्या. चार दिवस कोपऱ्यान् कोपरा बघितला, कुठं बोट ठेवायला जागा मिळाली नाही, तर म्हणाल्या, 'गड्यावाणी झालीस तू.' शिव्या दिल्या की शाबासकी, मला कळलं नाही.

मल्हार आजकाल माझा पदर सोडत नाही. पाणी भरायला, भांड्याला, दारापर्यंत, सगळीकडे बरोबर. त्यानं सोडला तर मीच हाक मारते.

तुमच्या काकासाहेबांसारखंच तुमचं होणार बघा. याल तेव्हा तुमच्यासाठी एक काम शिल्लक राहणार नाही. खुर्चीत बसा आणि चहा मागा नुसता.

दैवशाला

बाबा, मी आज काही लिहीत नाही. आई बघते आहे.


१२ फेब्रुवारी २०२५

दैवशाला,

दहा तारखेला सही केली. आणखी दोन वर्षं. म्हणजे सप्टेंबर २०२७.

तुला विचारूनच करणार होतो, पण विचारलं तेव्हा तू माझ्यावर सोडलंस, आणि तारीख कळवली तर त्यावर काही लिहिलं नाहीस. तू रागावणार नाहीस असं वाटतं. तुझं पत्र पुन्हा वाचलं. वायसर, सिलिंडर, पंक्चर, ताप. मला स्वतःला वायसर बदलता येत नाही, तुला माहीत आहे. तू लिहिलंस की एक काम शिल्लक राहणार नाही. बरोबरच आहे. अकरा वर्षांत तुम्ही माझ्यावाचून राहायला शिकलात आणि मी इथं राहायला शिकलो. घरी येऊन स्टुलावर बसण्यापेक्षा इथे निदान कुणीतरी मला नाव घेऊन हाक मारतं.

रेणूला पुढच्या वर्षी सायकल घेऊ.

कल्याण


मंठा, २६ फेब्रुवारी २०२५

अहो,

तुमचं पत्र दुपारी आलं. मी ते वाचलं, घडी घातली, ज्वारी निवडायला बसले, आणि अर्ध्या तासानं बघितलं तर निवडलेली आणि न निवडलेली एकाच सुपात. मला राग येणार नाही असं वाटलं ना तुम्हाला? मला फार राग आला आहे. आणि तो अर्धा माझ्यावरच आहे.

आता खरं लिहिते. वाचून ड्युटीला जाऊ नका, आधी बसून घ्या.

चौदा डिसेंबर, शनिवार. रेणूची सकाळची शाळा. खाला जालन्याला लेकीकडे, मारियाकडे गेलेल्या. दुसऱ्या बाजूचे प्लॉट तर मोकळेच आहेत. नऊच्या सुमारास मी बारीक गॅसवर दूध ठेवलं आणि दोन मिनिटांत अंगावर पाणी घेऊन येते म्हणून बाथरूममध्ये गेले. होय, तुम्ही सांगितलं होतं. अंघोळीला वेळच मिळत नाही म्हणून असं चोरून करावं लागतं. दोन तांबे घेतले आणि बाहेर खडखड झाली. मल्हारनं कडी लावली होती.

त्याला ती ढकलता येते, ओढता येत नाही. मी म्हटलं, 'बाळा, काढ.' तो हसला. मी रागावले, तो आणखी हसला. साडी नेसून मी दार ढकललं, खांदा लावला. तुम्ही काम पक्कं करता. लोखंडी दार हललं सुद्धा नाही. फोन स्वयंपाकघरात. तांब्यानं झरोक्याची काच फोडली, तेव्हा हात कापला. झरोक्यातून माझं डोकंही जात नव्हतं. हाका मारल्या. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला. दोन वेळा माणसांचा आवाज आला आणि लांब गेला.

मग दूध करपल्याचा वास आला. आणि थोड्या वेळानं तो वास गेला आणि दुसरा आला. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि नुसता गॅस सुटला होता. तेवढ्यात घरातून ठक ठक ऐकू आलं.

अहो, लायटर त्याच्या हातात होता.

मी ओल्या फरशीवर पालथी पडले, दाराखालून बोटं बाहेर काढली आणि ओरडले नाही. ओरडले असते तर तो खेळ समजून पळाला असता. मी हळू आवाजात म्हटलं, 'मल्हार, बाबाचं पत्र आलंय, वाचू का?' ठक ठक थांबलं. मला तुमचं पत्र पाठ होतं. मी म्हटलं, 'बाबा बर्फात आहे, बाबाच्या मिशा पांढऱ्या झाल्यात.' तो आला. येऊन माझ्या बोटांवर बसला, मग उठून बोटं धरली. लायटर मी दाराखालून ओढून घेतला. मिशांवर तो दर वेळी हसायचा, नाक पुसण्यावर तर फारच. पत्र संपलं की 'आणिक' म्हणायचा. सिलिंडर, साबणाचं पाणी, ड्रमवर झाकण, सगळं म्हटलं. 'गॅसवर दूध ठेवून जागा सोडायची नाही' हे सुद्धा मी त्याला न चुकता म्हणत होते. कितीदा झालं ते मोजलं नाही. एकदा त्यानं बोट सोडलं आणि पावलं लांब गेली, तेवढा वेळ मी कशी होते ते मला लिहिता येत नाही. ताईची बाहुली घेऊन परत आला.

सव्वाअकराला रेणू आली. 'आई, तू आत काय करून राह्यलीस?' म्हणाली आणि कडी काढली. कडी खाली होती म्हणून त्याला लावता आली, आणि खाली होती म्हणून तिला काढता आली. मी पळत जाऊन रेग्युलेटर बंद केला. अंगणाकडचं दार सताड उघडं होतं, म्हणून आज हे लिहिते आहे. रेणूनं माझ्याकडे बघितलं, भावाला उचललं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आठ वर्षांची आहे ती. संध्याकाळी मी तिला सांगितलं, बाबांना लिहायचं नाही.

का लिहिलं नाही, तेही ऐका. फॅमिली क्वार्टरमध्ये असताना सुभेदारसाहेबांच्या बाईंनी बायकांच्या बैठकीत सांगितलं होतं, 'वर गेलेल्या माणसाला रडकं पत्र टाकायचं नाही. घरचा विचार डोक्यात असला की बर्फात पाऊल चुकतं.' ते माझ्या मनात इतकं बसलं की पत्र लिहायला घेतलं की आधी तेच आठवतं. दुसरं, तुमच्या आईंना कळलं असतं तर त्याच दिवशी घराला कुलूप लागून माझी रवानगी धावड्याला झाली असती. आणि तिसरं, मला तुमच्या डोळ्यांत हुशार राहायचं होतं.

त्या दिवसापासून मी दार लावून अंघोळ केलेली नाही. रेणू घरी असेल तेव्हा, दार उघडं, मल्हार आत घमेल्यात बसलेला. चौकटीत दगड ठेवलेला. रात्री घराच्या दाराला आतून कडी लावते आणि उठून दोनदा काढून बघते, निघते का. दोन खोल्या, एवढं मोठं अंगण, वर उघडं आभाळ, आणि मला सगळीकडे कोंडल्यासारखं होतं. हे कुणाला सांगायचं? सांगायचं माणूस तुम्ही, आणि तुम्हालाच सांगायचं नाही म्हणून ठरलेलं.

काम शिल्लक राहणार नाही, हे मी चेष्टेनं लिहिलं. तुम्ही घरी आल्यावर बसून चहा प्यावा, एवढाच त्याचा अर्थ. वायसर मी बदलीन. मला कडी काढायला माणूस नको आहे. मी कुठं दिसत नाही हे ज्याच्या दहा मिनिटांत लक्षात येईल असं माणूस हवं आहे. मल्हार तुम्हाला ओळखेल का विचारता? तो तुमच्या पत्रावर सव्वादोन तास माझं बोट धरून बसला होता.

तो कागद परत मागता येत असेल तर मागा. नाही म्हणाले तरी एकदा मागा.

दैवशाला


१५ मार्च २०२५

दैवशाला,

मागितला. क्लार्कसाहेबांनी फाईल कधी पुढं गेली ती तारीख दाखवली. सुभेदारसाहेबांकडे गेलो, तिथून त्यांच्या वरच्या साहेबांकडे गेलो. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. बदलत नाही.

तुझं पत्र एकदा वाचलं. दुसऱ्यांदा लायटरपर्यंत आलो आणि घडी घातली.

ती कडी मी खाली बसवली. रेणूचा हात मोजला, मल्हारचा मोजला नाही. तो वाढेल हे डोक्यातच आलं नाही. मी जाताना जेवढा होता तेवढाच मला दिसतो.

आता माझं. जानेवारीचं पत्र मी दवाखान्यातून लिहिलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं गारठून काळी पडली होती. आता शाबूत आहेत, डॉक्टरांनी फिट लिहिलं आहे. तिथे फोन होता, दैवशाला. रांगेत उभं राहून तीनदा तुझा नंबर दाबला आणि वाजायच्या आत ठेवला. तू विचारलं असतंस कुठून बोलताय, आणि मला तुझ्याशी तोंडी खोटं बोलता येत नाही. पत्रात येतं. तिथे खाटेवर पडून मला वाटायचं की हिला आपलं काही अडत नाही. तू माझी काळजी नको म्हणून खोटं लिहीत होतीस, आणि मी तेच खरं मानून दोन वर्षं देऊन बसलो.

तू रागाव. मी वाचीन. पण यापुढं सगळं लिही, पाऊल चुकेल ते माझं मी बघीन. मे महिन्यात चाळीस दिवसांची सुट्टी मिळेल. आलो की पहिल्याच दिवशी कडी वर बसवतो.

कल्याण


मंठा, १ एप्रिल २०२५

अहो,

परवा पाडवा झाला, काल ईद. गुढी मी एकटीनं उभी केली, थोडी कलली. खालांनी शिरखुर्म्याचं भांडं पाठवलं आणि निरोप दिला, 'दामाद को बोलना, पांव का ख्याल रखे.' त्यांना मी सगळं सांगितलं. तुमच्या आईंनाही फोन करून सांगितलं. आधी मला वाटेल तसं बोलल्या, मग फोनवरच रडल्या, आणि परवाच्या एसटीनं येतायत, न्यायला नाही, राहायला.

राग गेलेला नाही. तीन वेळा नंबर दाबून ठेवलात, हे मला भांडी घासताना आठवतं आणि मी भांडी आपटते. हे पण खरं, म्हणून लिहिलं. दोन बोटांवर हात फिरवावासा वाटतो, हे पण खरं.

कडी मी काढली. स्क्रू गंजले होते, तेल सोडून काढले. आता दारावर चार भोकं दिसतात. कडी, कोयंडा आणि स्क्रू एका डब्यात घालून कपाटावर लायटरशेजारी ठेवले आहेत. कुत्रं परत आत येऊन झोपतं, मी हाकलते. वर बसवणं काही अवघड नाही, ड्रिल खालांच्या घरी आहे.

पण मे महिन्यात तुम्ही तिला हात लावू नका. सुट्टीवर आलेला माणूस कडी बसवून निघून जातो आणि मागे आम्ही तिच्यात अडकतो. सुट्टीत तुम्ही मल्हारबरोबर खेळा, तुमचा पाय शेका. कडी कायमचे याल तेव्हा बसवायची. तोवर डबा तिथेच राहील, मी झाकण उघडणार नाही. एक काम शिल्लक ठेवलं आहे.

दैवशाला

बाबा, आई म्हणाली आता काही पण लिही. आजीसाठी मी खाट झटकली. कडी मला पण बसवता येते, मी आईला सांगितलं. आई नको म्हणाली.